अक्काची गूळतुला

"उचलणार हायस काय मला?" वजन विचारणाऱ्या प्रत्येकाला अक्काचं हे एकच उत्तर असे. समोरचा गांगरून "नाही हो, सहज" म्हणाला, की ती म्हणे, "मग चौकशी कशाला करतूस?"

ईशा, परवा तू कॉलवर कॅमेरा बंद ठेवलास. नेट खराब आहे म्हणालीस. तुझा भाऊ मागून ओरडला, "आजी, ती जाड झालीय म्हणून!" तेव्हाच ठरवलं, की तुम्हा दोघांना अक्काबद्दल लिहायचं. तुमच्या बॅगेतून दर खेपेला जी शेंगांची चटणी जायची, ती तिच्याच हातची.

अक्का भवानी पेठेत आमच्या समोर राहायची. घरात तेलुगू, दारात मराठी आणि मागच्या बाजूला टॉवेलच्या मागांची खटखट. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा तिला अक्काच म्हणत. ती जाड होती. तिला हे अजून कळलेलं नसावं अशा समजुतीने पेठेतले लोक तिला ते रोज सांगत. कोणाची दारू, कोणाचं मोडलेलं लग्न, यावर तोंडावर कोणी बोलत नसे. ती खासगी बाब. बाईचं वजन मात्र सार्वजनिक नळासारखं, येणाऱ्याजाणाऱ्याने फिरवून बघावं. रिक्षावाला म्हणे, "मावशी, मधी बसा, बॅलन्स जातो." अक्का मधे बसत म्हणे, "तू चालवाय बसलास तवाच गेला की बॅलन्स."

उत्सव मंडळाचे अध्यक्ष या विषयातले तज्ज्ञ. त्यांचं स्वतःचं पोट सभेत त्यांच्या आधी पोचायचं. पण पुरुषाच्या पोटाला आपल्याकडे व्यक्तिमत्त्व म्हणतात. "अक्काला शेवटी खांदेकरी पुरणार नाहीत, क्रेन सांगावी लागेल," हा त्यांचा आवडता विनोद. तो ते पुन्हा पुन्हा करत आणि लोक प्रत्येक वेळी नव्याने हसत.

मग अक्काचा नवरा जिन्यावरून पडला. तो दवाखान्यात असताना अक्काच्या सासूबाईंनी देवीला नवस बोलला : लेक आपल्या पायांनी घरी आला, तर सुनेची गूळतुला करीन. म्हणजे देवळापुढे तराजूच्या एका पारड्यात सून, दुसऱ्यात तेवढा गूळ, आणि मग तो गूळ सगळ्यांना प्रसाद. "स्वतःची तुला का नाही बोललात?" मी विचारलं. "मी कसली मूठभर," सासूबाई म्हणाल्या, "देवीला पुराय नको?" सुनेच्या आकाराचा इतका चांगला उपयोग त्यांना आजवर सुचला नव्हता.

नवरा चालत घरी आला. तुलेच्या आदल्या संध्याकाळी अक्का माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"बाई, बसले तर अख्खी पेठ मजा बघणार," ती म्हणाली. "न्हाय बसले, तर ह्यांना उद्या नुसती ठेच लागली तरी माझ्यामुळंच."

"पहाटे उरकून घे ना. कोणी नसेल."

"नवस काय चोरून फेडतेत व्हय?" चहा तसाच ठेवून ती उठली.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे उत्सवालाही होत नाही एवढी गर्दी. एरवी आरतीला न फिरकणारेसुद्धा अंघोळ करून आले होते. गुळाच्या आडतीतून मोठा तराजू आणला होता. अध्यक्ष माइकवर : "ढेपा पुरतील का, याची काळजी नको. टेम्पो अजून उभा आहे!" हशा झाला.

अक्का नवी इरकल नेसून आली. तिने पारड्याची साखळी हलवून बघितली.

"काटा खरा हाय न्हवं? देवीचं काम हाय. आदी बघा की कुणीतरी बसून." मग माइककडे वळून, "अध्यक्ष, तुमी मानाचे. या, बसा."

"मी? छे, छे. माझा गुडघा..."

"मग वहिनींना बसू द्या."

अध्यक्षांच्या सौभाग्यवती दुसऱ्या बायकांच्या मागे गेल्या.

"सासूबाई, तुमी? मूठभरच तर हाव की."

सासूबाईंनी जप सुरू केला. अक्काची नजर जिकडे वळे तिकडची गर्दी मागे सरके. त्या बोळात एवढी मोकळी जागा मी कधी पाहिली नव्हती. हसायचं कोणालाच आठवलं नाही.

मग अक्का पारड्यात मांडी घालून बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला. "घाला आता गूळ. आन् आकडा मायकात सांगा, मोठ्यानं."

अध्यक्षांनी तो इतक्या हळू सांगितला, की पहिल्या रांगेपलीकडे कोणाला कळला नाही, आणि पुन्हा विचारायची कोणाची छाती झाली नाही. मी पहिल्या रांगेत होते. तरी मुलांनो, तो मी इथे लिहिणार नाही. प्रसादाला मात्र सगळे थांबले. पुढे कितीतरी दिवस पेठेतल्या चहात अक्का विरघळत होती.

गेल्या वर्षी ती झपाट्याने वाळली. लोकांना कोण आनंद झाला! "किती छान दिसतेस गं! आम्हालाही सांग की डाएट," समोरची शिंपीण म्हणाली.

"सांगते की," अक्का म्हणाली. "आदी पोटात गाठ आणा."

श्रावणात ती गेली. क्रेन बोलवावी लागली नाही. चौघे पुढे झाले, त्यांत अध्यक्षही होते. त्यांनी दोन्ही पाय रोवले, दम घेतला आणि सगळा जोर लावून उचललं. त्यांची बाजू एकदम इतकी वर गेली, की तिरडी कलली आणि बाकीच्या तिघांना सावरावी लागली. मी दारात उभी होते. अध्यक्ष खांद्याकडे बघत राहिले, मग हळूच तो खाली केला.