भुसा, सोया आणि रफीकचाचा

लाकडाचा भुसा आणि किस्से, कितीही झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच साठतात. नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये आम्ही तिघं. मी, नोकरी सोडून आलेला केमिस्ट. गोंद कालवणाऱ्या सुनीताताई. आणि प्रेस चालवणारे रफीकचाचा, ज्यांची हयात सागवानावर रंधा मारण्यात गेली. भुसा आणि वनस्पतींचा गोंद दाबून फळ्या करायच्या, हे माझं वेड. चाचा त्यांना अजून 'माल' म्हणतात, लाकूड नाही.

* * *

सुरुवातीचा गोंद सोयाच्या पिठाचा. किती घट्ट हवा याचा आकडा मी वहीत लिहून दिला. ताईंनी पाहिलाही नाही.

"सर, भज्यांच्या पिठाहून घट्ट अन् थालीपिठाहून सैल. लय सोपं हाय."

मी ताईंनी कालवलेला गोंद मशीनवर मोजला. चूक माझ्या आकड्यात होती. आता वहीत ताईंचं वाक्य आहे आणि कॉलेजची मुलं भेटीला आली की ते उतरवून घेतात.

* * *

पहिली फळी शनिवारी कौतुकाने टेबलावर ठेवून गेलो. सोमवारी पाहतो तर उंदरांनी चारी कोपरे कुरतडलेले. मी डोकं धरून बसलो.

ताई म्हणाल्या, "चव तरी जमली ना सर."

* * *

सागाचा भुसा तेलकट, त्यावर गोंद नीट धरत नाही. म्हणून चाचा लाकडाच्या मिलमधून आलेलं प्रत्येक पोतं हुंगून बघतात.

"ये बाभूळ. ये आंबा. और इसमें मिलवाल्याची विडी."

पोतं ओतलं. थोटूक निघालं.

* * *

फळी पाण्यात फुगायची. शेवटी काजूच्या टरफलाच्या तेलाने तो प्रश्न सुटला, पण विश्वास कोण ठेवणार? कित्येक महिने मी फर्निचरवाल्यांचे उंबरे झिजवले. आता ऑर्डर मिळाली नाही तर शेड बंद, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं.

सातपूरचा एक फर्निचरवाला आला. मी त्याला बादलीत आठवडाभर बुडवलेला फळीचा तुकडा दाखवला. तो म्हणाला, "हे राहू द्या. कुणाच्या घरात लावलंय ते दाखवा."

कुठेच लावलं नव्हतं. माझा चेहरा पडला. चाचांनी हात पुसले. "चला, मेरे घर."

जुन्या नाशकातलं त्यांचं घर. मागच्या बाजूला बाथरूम, आणि त्याला आमच्या फळीचा दरवाजा. दिवाळीपासून लावलाय म्हणे, आणि मला पत्ताच नाही. खरं सांगतो, मला भरून आलं.

फर्निचरवाला दार तपासायला पुढे झाला, तेवढ्यात आतून पाण्याचा मोठा सपकारा दारावर बसला. चाचांचा थोरला मुलगा आत गाणं म्हणत अंघोळ करत होता.

चाचांनी शांतपणे खुर्ची पुढे सरकवली.

"बसा साहेब. टेस्ट चालू आहे."