सहज आलो होतो, सायकलनं

१९७६ साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि सोलापुरातून दुधनीला सायकलनं जाऊन त्याच दिवशी माघारी आलेला आमच्या कारखान्यात माझ्याशिवाय दुसरा कुणी नव्हता. येताना कॅरिअरवर सासरा होता. हे मी इतकी वर्षं सांगत आलोय. आता लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या मागं कुणी त्यातले मैल कमी करायला नको.

शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढं टॉवेलच्या मागावर लागलो. मागावरच्या माणसाचं कसं असतं, सुताचा धोटा दिवसभर इकडून तिकडं पळतो आणि माणूस एका जागी उभा. आठवड्यातले सहा दिवस मी दोन धोट्यांचं पळणं बघायचो. सातव्या दिवशी मला स्वतःला पळावंसं वाटायचं. म्हणून सायकल घेतली. काळी, चोवीस इंची, दांडा असलेली. स्टँड मोडका होता, तो मी कधी बदलला नाही, भिंतीला टेकवायची सवय लागली होती.

सायकल तशी सगळ्यांकडंच होती. पण त्यांची कामाला यायची, दळण आणायची, कडब्याच्या पेंढ्या आणायची. माझी कशालाच नव्हती. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघायचं, कुंभारीला जायचं, तिथं एक चहा, आणि माघारी. दुसऱ्या दिवशी कारखान्याबाहेरच्या चहाच्या गाड्यावर शेजारच्या मागावरचा गडी विचारायचा.

"काल कुटं गेलतास रं?"

"कुंभारीला."

"काय काम काडलंस?"

"काय न्हाय."

"मग?"

"गेलो आन आलो."

"बायकोनं हाकललं म्हन की सरळ!"

गाडा हसायचा. मीही हसायचो, पण पुढच्या सुट्टीला वळसंगपर्यंत गेलो, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात अक्कलकोटला. माझा एक नेम होता. चढ कितीही असू दे, वारा समोरून असू दे, उतरून सायकल ढकलायची नाही. ढकलायचीच असेल तर हातगाडी घ्यावी. तो नेम मी एकदाही मोडला नाही. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी वाटू द्यावं.

अक्कलकोट झाल्यावर मनात दुधनी आली. चाळीसेक मैल. दुधनी माझी सासरवाडी. संक्रांत झाली होती, थंडी होती, ज्वारी हुरड्यात आली होती. बायको म्हणाली, "आईला एक कार्ड तरी टाका आधी."

मी म्हणालो, "सासरवाडीला जायला कार्ड कशाला? सहज जायचं." ते कार्ड टाकायला पाहिजे होतं. हे मी तिच्यापुढं कधी कबूल केलं नाही, इथं करतो.

पहाटे चारला निघालो. बायकोनं आईसाठी शेंगाचटणी दिली होती, तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून. ती कॅरिअरला अडकवली. थंडीसाठी आमच्याच मागावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला. अक्कलकोट मागं पडलं तेव्हा ऊन वर आलं होतं. त्यापुढचा रस्ता मला नवा होता. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि मधून काळा रस्ता, आणि त्या रस्त्यावर मी एकटा. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पाठवलं नव्हतं. असं सुख मला मागावर कधी मिळालं नाही.

नऊच्या सुमाराला सासऱ्याच्या दारात पोचलो. घसा एवढा कोरडा पडला होता की शब्द फुटेना. टेकवायला भिंत जवळ नव्हती, म्हणून सायकल धरून तसाच अंगणाबाहेर उभा राहिलो. सासू अंगण झाडत होती. तिनं मान वर केली. घामानं भिजलेला, धुळीनं पांढरा झालेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला जावई सायकल धरून बाहेरच उभा आहे आणि बोलत नाही, एवढं तिनं बघितलं. हातातला झाडू पडला.

"अय्यो यव्वा!" तिनं हंबरडा फोडला. "एनातु? काय झालं वं माझ्या लेकराला?"

तिकडची रीत मला माहीत नव्हती असं नाही, त्या घडीला आठवली नाही एवढंच. त्या काळी गावोगाव मरणाचा सांगावा सायकलीवरून यायचा. आणि सांगावा आणणारा दाराबाहेर उभा राहायचा, घरात यायचा नाही, पाणी घ्यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी सासूचा भाऊ वारला, तेव्हा अक्कलकोटचा माणूस असाच आला होता.

शेजारच्या बाया धावत आल्या. सासरा गोठ्यातून आला. मी कसाबसा आवाज काढला, "काय झालं न्हाय मामी. समदं बरं हाय. सहज आलोय."

माझ्या या बोलण्यानं जे व्हायला नको तेच झालं. कारण सांगावा आणणारा खरं कधीच बोलत नाही. तो म्हणतो, काय नाही, जरा बरं नाही, चला बघायला. तो अक्कलकोटचा माणूसही 'काही नाही' असंच म्हणाला होता. त्यामुळं मी जितकं 'काही नाही' म्हणालो तितकी त्यांची खात्री होत गेली. शेवटी पुरावा म्हणून मी चटणीचं गाठोडं पुढं केलं. सासूनं लेकीच्या लुगड्याचं फडकं ओळखलं, ते छातीशी धरलं आणि मटकन खाली बसली.

सासऱ्यानं मला बाजूला घेतलं. माणूस साठीचा, अंगानं हलका, बोलायला कमी. "पावनं, बायांना काय सांगायचं ते सांगा. मला खरं सांगा."

"खरंच सांगतोय मामा. सायकल चालवत आलो."

"कशाला?"

"चालवायला."

"चाळीस मैल?"

"व्हय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खोटारडा आहे, की वेडा आहे, की दोन्ही, याचा हिशोब चालला होता. मला राग आला. माझ्या शब्दावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी म्हणालो, "इस्वास न्हाय ना? मग चला माझ्यासंगं. लेक डोळ्यांनी बघा."

"सकाळची गाडी गेली. दुसरी आता सांजच्याला."

"गाडी कशाला? बसा कॅरिअरवर."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. पण संध्याकाळपर्यंत थांबायचा धीर त्यांना नव्हता. मी घागरीतलं दोन तांबे पाणी प्यालो, दोन भाकरी खाल्ल्या. सांगावा आणणारा एवढा जेवत नाही, तरी कुणाला पटलं नाही. कॅरिअरवर घोंगडं घडी करून बांधलं. सासरा बसला, धोतराचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून कमरेला खोचला आणि माझ्या सीटला दोन्ही हातांनी धरलं. सासू दारात येऊन म्हणाली, "सायकलीवर कधी कुणाचं चांगलं आलंय का? पोरीची खबर आल्याबिगर मी तुकडा मोडनार न्हाय."

"सायकलीवरच चांगली खबर आणीन मामी," मी म्हणालो. बोललो ते रागात, पण बोललो.

पाच-सहा मैल मागं पडले. मग मागून एकेक प्रश्न यायला लागला, फौजदार आरोपीला विचारतो तसा.

"ताप कवापासनं हाय पोरीला?"

"ताप न्हाय."

"मग पडली का कुटं?"

"न्हाय मामा."

"भाजली?"

"मामा, ती घरात शेंगा भाजत असंल. दुसरं काय भाजलं न्हाय."

अक्कलकोटच्या अलीकडं एक लांब चढ आहे. रिकाम्या सायकलीलाही तो माणसाला सीटवरून उठवतो. मागून आवाज आला, "उतरतो की मी."

"बसा."

"आवो, सायकल मागं चाललीया."

"मागं जाऊ दे, न्हाय तर पुडं जाऊ दे. तुमी उतरायचं न्हाय."

डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण पाय जमिनीला लागला नाही. वर पोचल्यावर सासरा एवढंच म्हणाला, "दमाचा हाय गडी." त्यांच्या तोंडून माझं पहिलं कौतुक ते. मी मागं वळून बघितलं नाही, कारण मला हसू आलं होतं.

वळसंगच्या पुढं बाभळीच्या काट्यानं मागचं चाक बसलं. रस्त्याकडेच्या विहिरीशी जनावरांना पाणी पाजायचा हौद होता. मी टायर काढला, ट्यूब हवा भरून पाण्यात धरली. बुडबुडे कुठून येतात ते शोधायला सासऱ्यालाही खाली बसवलं. "हितं! हितं येतोय!" ते एकदम म्हणाले, आणि क्षणभर चेहरा उजळला. मग ट्यूब त्यांच्या हातात तशीच राहिली. मी काच कागदानं रबर घासत होतो.

"पावनं," ते पाण्याकडं बघत म्हणाले, "एकच सांगा. माती उरकली, का माझ्यासाटी थांबल्यात?"

माझा हात थांबला. सकाळपासून मला वाटत होतं की परीक्षा माझी चालली आहे, माझ्या शब्दाची आणि माझ्या मांड्यांची. चढ चढल्याचा मला गर्व होता. आणि हा माणूस एवढे मैल माझ्या पाठीमागं मेलेली लेक घेऊन बसला होता. आता पुन्हा 'काही नाही' म्हणायची मला भीती वाटली. तो शब्द आता माझा राहिलाच नव्हता. मी पॅच चिकटवला, टायर बसवला, हवा मारली आणि म्हणालो, "बसा मामा. आता कुटं थांबायचं न्हाय."

कुंभारीचा चहा मी कधी सोडला नव्हता. त्या दिवशी तिथल्या चहावाल्यानं हात केला, तरी सोडला. गाव मागं गेलं, सूत गिरणीतल्या चाकांसारखे पाय फिरत होते, माझे आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. मागून सासऱ्याची पकड सीटवरून सुटून माझ्या कमरेला आली होती. ती घट्ट होत चालली.

दिवस मावळायच्या आधी आमच्या गल्लीत शिरलो. पोलिसानं डबलसीट म्हणून हटकलं असतं तरी मी थांबलो नसतो. पत्र्याच्या खोल्यांची ओळ, तिसरी खोली आमची. आतून उखळात शेंगा कुटल्याचा आवाज येत होता. ठक, ठक, ठक. तिची कुटायची पद्धत ठरलेली, तीन घाव आणि मग जरा थांबायचं. तो आवाज सासऱ्यानं तिच्या लहानपणापासून ऐकलेला. ते सायकलीवरून उतरले, पण पाय सरळ होईनात. कॅरिअर धरून वाकलेलेच उभे राहिले आणि ऐकत राहिले.

बायको बाहेर आली. दारात बाप, वाकलेला, धुळीनं भरलेला, सायकल धरून बाहेरच उभा. तिच्या हातातलं मुसळ पडलं.

"बाबा! आई गेली का वं माझी?"

"न्हाय गं पोरी. कोन गेलं न्हाय. सहज आलोय."

"सहज? तुमी? सायकलीवर? खोटं बोलू नगा बाबा! कवा गेली सांगा!"

सासऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मग हसायला लागले. हसता हसता खाली बसले, आणि डोळे धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले, तरी हसणं थांबेना. सगळी गल्ली गोळा झाली. मी सायकल भिंतीला टेकवली आणि कुणालाच काही सांगितलं नाही. माझं म्हणणं सांगायला आता साक्षीदार होता.

सासऱ्यानंच सगळ्यांना सांगितलं, चढासकट. शेजारच्या मागावरचा गडी त्याच गल्लीतला. तो म्हणाला, "मामा, खरंच एकदाबी उतरला न्हाय?" सासरा म्हणाला, "माझ्या ढुंगनाला इचार, चढाला उतरलं का ते." त्यानंतर चहाच्या गाड्यावर मला कुणी 'काय काम होतं' म्हणून विचारलं नाही.

रात्री जेवताना बायकोनं घास खाली ठेवला. "आई तिकडं उपाशी बसली असंल की."

तार करावी म्हटलं, तर तार हातात पडली की वाचायच्या आधीच सासू हंबरडा फोडणार. सासऱ्याची कंबर धरली होती, त्यांना चार दिवस उठायचं नाव नव्हतं. बायको मला म्हणाली, "सकाळच्या गाडीनं तुमी जावा. सांजच्याला माघारी."

"गाडीनं गेलो तर सायकलीवर आलेला मानूस खोटाच ठरला की," मी म्हणालो. "मी सायकलीवर खबर आनतो म्हनून बोललोय."

"मांड्या बघा तुमच्या, दगड झाल्यात."

"दगडच बरं, मोडत न्हायत."

सासरा अंथरुणावरून म्हणाला, "जाऊ दे गं त्यास्नी. पन पावनं, तसला टॉवेल बांधून जाऊ नगा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चेनला तेल सोडलं, दोन्ही चाकांत हवा भरली. कारखान्यात खाडा पडणार होता, पडू दिला. ट्रंकेच्या तळातून लग्नातला गुलाबी फेटा काढला आणि कंदिलापुढं बसून बांधला. सासऱ्यानं पडल्या पडल्या सांगितलं, "शेमला लांब सोडा. कोसभरावरनं दिसू दे." बायकोनं सायकलीच्या हँडलला हळदकुंकू लावलं आणि तिळगुळाची पुडी खिशात घातली. मी सायकल भिंतीवरून काढली, टांग मारली आणि गल्लीच्या टोकापर्यंत घंटी वाजवत गेलो. अजून कुणी उठलं नव्हतं, तरी वाजवत गेलो.