टाचणीचं तिसरं कडवं

माझ्या धाकट्या बहिणीला कारखान्यात सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने काडी, आणि बोलली की टोचायची. शर्टांच्या त्या कारखान्यात मी बाह्या जोडायचे, ती शेजारच्या मशीनवर कॉलर बसवायची. आई गेल्यावर मीच तिला कामाला लावलं होतं. सतरा वर्षांची होती.

गाणी ती कामातच रचायची आणि कटिंगच्या खाकी कागदावर खडूने लिहून ठेवायची. सुरुवातीची सगळी थट्टेचीच. सुपरवायझरच्या टकलावर एक होतं. एकदा तो स्वतःच ते गुणगुणताना सापडला.

आमच्या मजल्याला बाहेरून कुलूप असायचं. बायका सारख्या उठून जातात, काम पडून राहतं, असं मालकाचं म्हणणं. एका दुपारी इस्त्रीच्या टेबलाखाली चिंध्यांनी पेट घेतला. आग थोडी, धूरच फार. किल्ली सुपरवायझरच्या खिशात, आणि तो जेवायला गेलेला. दार उघडेपर्यंत काजं करणारी मावशी गेली होती. दाराला पाठ लावून बसली होती, डुलकी लागल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी काम सुरू झालं. कुलूप नवं होतं. टाचणीने मशीन न थांबवता गाणं म्हटलं, तीन कडव्यांचं. तिसरं असं होतं:

कुलूप तुमचं, दार तुमचं, भिंतीसुद्धा तुमच्या,
आत घेतला श्वास जेवढा, तेवढा तरी आमचा.

पहिल्यांदा कुणी साथ दिली नाही. दुसऱ्यांदा इस्त्रीवालीने दिली. आठवड्याभरात चारही मजल्यांवर तेच गाणं, आणि मग संप. एकोणीस दिवस आम्ही फाटकाबाहेर बसलो. बाहेरून भाषणं करणारी माणसं आली. त्यांच्यात बसून ती राज्य उलथवण्याच्या गोष्टी बोलायला लागली. मी म्हटलं, आपल्याला कुलूप काढायचंय, तेवढं काढू आणि कामाला लागू.

"ताई, हे काढलं तर दुसरं लावतील," ती म्हणाली. "किल्ली कुणाकडे राहणार ते सांग."

मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला.

कुलूप निघालं. ती मात्र काम सोडून त्या लोकांबरोबर गेली. दोन वर्षं गावोगाव गाणी म्हणत, पत्रकं वाटत फिरली. अधूनमधून घरी यायची. तशीच एकदा आली असताना पोलीस आले. भर दुपारी, ती केस धूत होती. केस तरी पुसू द्या, मी म्हटलं. ओल्या केसांनीच नेलं. मी टॉवेल घेऊन जिन्यापर्यंत गेले. परत आले तर दूध उतू गेलं होतं. ते पुसलं.

तुरुंगात एकदाच भेटू दिलं. चळवळीचं काही बोलली नाही, इस्त्रीवालीच्या गुडघ्याचं विचारलं. पुढे तिला ताप आला, तो उतरलाच नाही. बावीस वर्षांची होती. कारकुनाने दोन कपडे आणि फणी दिली. मी तिचे गाण्यांचे कागद मागितले.

"कागद सामानात धरत नाहीत," तो म्हणाला.

मी सही केली. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. हात चालत होते. बायका म्हणायच्या, रडून घे, मोकळी होशील. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

अकरा वर्षांनी सरकार पडलं. नव्या सरकारने तिचं गाणं शाळेच्या पुस्तकात घातलं, पण दोनच कडवी. मालक बदलले नव्हते. एक दिवस एक शाळामास्तरीण घर शोधत आली. तिची आईही आमच्या संपात होती. तिसरं कडवं होतं ना, तिने विचारलं. मी सांगितलं, तिने उतरवून घेतलं. वर्गात ते शिकवल्याबद्दल तिला वरून पत्र आलं. तिने ते फळ्याशेजारी लावलं आणि शिकवत राहिली.

मग मला शाळेत बोलावलं. चाळीस मुलींनी तिन्ही कडवी म्हटली. छान म्हटली. बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला होता, लागला तर. एका मुलीने विचारलं, "त्या कशा होत्या?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"सकाळी लवकर उठायची नाही," मी म्हटलं. "हलवून हलवून उठवावं लागायचं."

मुली आणखी ऐकायला थांबल्या. बाई म्हणाल्या, आता टाळ्या वाजवा. त्यांनी वाजवल्या.