आमचे भावोजी आणि गुलाबी पाणी

आकड्यांवर पोट भरून आकड्यांचा अपमान आमच्या भावोजींइतका या देशात दुसऱ्या कोणी केला नसेल. माझ्या मोठ्या बहिणीचा हा नवरा. राहायला डहाणूत, नोकरीला तलासरीच्या बाजूला एका खाजगी प्रयोगशाळेत. काम काय, तर कारखान्यांनी पाठवलेलं पाणी, मलम, रसायन जे असेल ते जिवंत पेशींवर टाकायचं आणि पेशी जगल्या की मेल्या ते मशीनला विचारायचं. मशीन आकडा सांगणार, हे सही करणार, मालक शिक्का ठोकणार, कारखाना खूश. इतक्या सरळ धंद्यात या गृहस्थाने "पण बघितलं का?" हा प्रश्न घुसवला. घरीही तेच. ताईने "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या" म्हणून सांगितलं की हे वाफ जिरायची वाट बघत ओट्यापाशी उभे, झाकण उघडून शीत चिमटीत दाबणार, मगच पान घेणार. घोलवडला चिकूची पेटी घेताना वरचे चिकू बाजूला काढून तळाचे उजेडात धरणार. एका बागायतदाराने वैतागून विचारलं, "काका, खायला नेताय का चौकशीला?"

माझं आणि त्यांचं वाजायचं ते याच सवयीवरून. मी संघटनेचा माणूस, पत्रकं लिहितो. पत्रकात 'प्रचंड', 'हजारोंच्या संख्येने' हे शब्द मिठासारखे लागतात. तलासरीच्या मोर्चाचं पत्रक मी अभिमानाने त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "काय नेते, यातले बाजाराला आलेले किती?"

"भावोजी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"मी मागून बघत होतो. एकाच्या काखेत कोंबडी होती. तो घोषणा देत नव्हता रे, भाव करत होता."

नोटाबंदीच्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत नवं मशीन आलं आणि या माणसाचं नशीब उघडलं. तोवर आकडा सांगणारं यंत्र एका खोलीत आणि मायक्रोस्कोप दुसऱ्या खोलीत. पेशी ठेवायच्या ती तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात ओळीने बारीक खळगे, प्रत्येक खळग्यात थेंबभर पेशी. आकडा घेऊन झाला की भावोजी ती प्लेट एसीचा गारठा लागू नये म्हणून पोटाशी धरून, बाळंतिणीच्या काळजीने पलीकडच्या खोलीत न्यायचे. नव्या मशीनमध्ये दोन्ही एकत्र. आधी खळग्याचा आकडा, लगेच त्याच खळग्याचा आतूनच फोटो. मालकाने ते पाहुण्यांना दाखवायला आणि माहितीपत्रकावर रंगीत चित्रं छापायला घेतलं होतं. ते वापरायचं असतं, ही कल्पना एकट्या भावोजींची. त्या मशीनचं कौतुक ऐकून ताई म्हणायची, "माझा असा एक तरी फोटो काढला असतात!"

आता मुद्द्याचं. आमच्या कामाच्या एका पाड्याखालून ओढा जातो, वर रंगाचा कारखाना. पाड्यावरच्या बाया त्या पाण्यात कपडे धुतात, अंघोळ करतात, आणि पायांची सालं निघतात. त्यांच्या पुढे असलेल्या सोनी मावशीने तहसील कचेरीत पाय वर करून दाखवले, तेव्हा साहेबांनी मान वळवली. आम्ही बोंब मारली, म्हणून कारखान्याने ओढ्याचं पाणी तपासायला पाठवलं. कुठे? भावोजींच्याच प्रयोगशाळेत. आणि आकडा आला झकास. या पाण्यात कातडीच्या पेशी साध्या पाण्यापेक्षाही जास्त जिवंत! मालक पेढे मागवायच्या बेतात.

भावोजींनी फोटो बघितले. पेशी आकसलेल्या, तळापासून सुटून तरंगणाऱ्या, म्हणजे मेलेल्या. मग त्यांनी त्यांच्या स्वभावाला शोभेल असा उद्योग केला. एका खळग्यात पेशी न घालता नुसतं ओढ्याचं पाणी आणि तपासणीचं औषध घातलं. मशीन म्हणालं, हा खळगा सगळ्यात जिवंत. फोटोत एकही पेशी नाही. चूक साधी होती. त्या तपासणीत निळं औषध घालतात, जिवंत पेशी त्याला गुलाबी करतात, आणि मशीन गुलाबीपणा मोजतं. हे पाणी कारखान्यातूनच गुलाबी होऊन आलेलं. नुसतं पाणी वेगळं मोजून ते वजा करायचं असतं, ते घाईत कोणी केलंच नव्हतं. विषाने स्वतःचाच दाखला स्वतःच्या रंगात लिहून दिला होता!

मालक त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "अरे भाई, मशीन बोलते जिवंत आहे. तुमी कोण नाय बोलणारे?"

"फोटोपण मशीनच बोलतंय, शेठ."

"फोटो तर माहितीपत्रकासाठी आहे!"

भावोजींनी फोटोशिवाय सही करायला नकार दिला. मी तर हवेतच. रात्रीतून मथळा तयार, 'ओढ्यात मृत्यू वाहतो'. भावोजींनी पेन काढून तो खोडला. "मेल्या त्या पेशी. कातडीच्या, प्लेटमधल्या. माणूस मेलेला मी बघितला नाही." मी भयंकर चिडलो. मालकाला आकडा हवा, मला मढं हवं, आणि हा माणूस दोघांनाही तोच एक फोटो दाखवत बसला होता. पण पाड्यावर ते स्वतः आले, बायांसमोर ओटीवर बसून मोबाईलवर धडधाकट पेशी आणि आकसलेल्या पेशी शेजारी शेजारी दाखवल्या. सोनी मावशीने नीट बघितलं आणि म्हणाली, "दादा, ह्या तं माझे पायाची सालच हाय." त्या दिवसापासून बाया ओढ्यात उतरल्या नाहीत. लांबच्या बोअरवर जायला लागल्या.

भावोजींची नोकरी गेली. कारखान्याने पाणी दुसऱ्या प्रयोगशाळेकडे न्यायला सुरुवात केली, जिथे फक्त आकड्याचं मशीन आहे, मायक्रोस्कोप नाही, आणि त्यामुळे काही अडचणही नाही. ताई-भावोजी पुण्याला गेले.

परवा पाड्यावर गेलो होतो. ओढ्याचं पाणी आता काचेसारखं दिसतं. कारखान्याने रंग काढायची सोय केली म्हणे. रंगासोबत आणखी काय गेलं, काय राहिलं, कोण सांगणार? बोअरची वाट चढून दमलेली सोनी मावशी हंडा उतरवून म्हणाली, "आता पानी चांगला झाला का रं? उतरू का?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे घोषणा नव्हती. मी भावोजींना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी बघितलेलं नाही रे," ते म्हणाले. "मावशीला म्हणावं, इतक्यात उतरू नका."

मावशीने हंडा पुन्हा डोक्यावर घेतला.