माधव इथे नाही

माधवला जाऊन महिना झाला होता. एका दुपारी लॅबमध्ये मी त्यानेच लिहिलेला हजेरीचा जुना प्रोग्राम सुरू केला. काळ्या पडद्यावर प्रश्न आला, 'नाव?' मी टाइप केलं, 'माधव इथे नाही', आणि एंटर दाबलं.

नावापुढे नुसतं 'माधव' उमटलं. मग प्रश्नोत्तरं आपोआप सरकली.

'कुठे आहात?' 'इथे.'

'काम संपलं?' 'नाही.'

शेजारी बसलेल्या शुभाताई दचकल्या. "तू काही दाबलंस का रे?"

"नाही ताई. हा एका वेळी एकच शब्द वाचतो. उरलेले शब्द पुढच्या प्रश्नांना जातात."

शब्द संपले, तसा प्रोग्राम थांबला. शेवटचा प्रश्न समोर होता, 'सोबत कोणी आहे?'

मग मी माझं नाव लिहिलं.