झाडांच्या विरोधातली माणसं

पक्ष्यांच्या मागं लागलं की पक्षी कमी आणि किस्सेच जास्त गोळा होतात. रविवारी सात रस्त्याजवळच्या कॅन्टीनमध्ये आम्ही बसतो, तेव्हा पक्षी पहिल्या चहातच संपतात. किस्से मात्र कॅन्टीनवाला उठवेपर्यंत पुरतात!

आम्ही तिघं. मी बँकेतला, श्रीनिवासचा टॉवेलचा कारखाना आणि म्हेत्रे सर जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. सांगोल्याच्या बाजूला एक गवताळ टेकडी आहे, तिच्यावर आमचा जीव. चंडोल, धाविक, टिटवी असे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी तिथं सुखानं नांदतात. त्या टेकडीवर झाडं लावायचा सरकारी घाट घातला गेला आणि आमची झोप उडाली. खड्डे आणि कुंपण आलं की गवत गेलं, गवत गेलं की पक्षी गेले. झाडं वाईट नाहीत हो, पण माळावर नकोत!

*

हे लोकांच्या गळी उतरवणं महाकठीण. एका लग्नात माझ्या मेव्हण्यानं माझी ओळख करून दिली, "हे आमचे दाजी. पर्यावरणवाले आहेत, झाडांच्या विरोधात असतात!"

समोरच्या गृहस्थांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"लाकडाची वखार आहे का यांची?"

*

पक्षी बुजू नयेत म्हणून श्रीनिवासनं खास मातकट रंगाचे मोठे टॉवेल विणून घेतले. ते डोक्यावरून पांघरून आम्ही तिघं टेकडीवर दबा धरून बसलो. धाविक अगदी जवळ आला, सरांनी श्वास रोखला, आणि मागून आवाज आला, "उटा की वो! पाखरं न्हाय बुजली, पर माजी मेंढरं बुजून खाली पळाली!"

मग काय, पांघरलेल्या टॉवेलांसकट आम्हीच मेंढरं गोळा करायला धावलो. ती आणखी लांब पळाली.

*

गावच्या शाळेत सरांनी तळमळीनं भाषण केलं. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, तिथं झाडं लावणं म्हणजे पक्ष्यांचं घर मोडणं! पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'झाडे लावा, झाडे जगवा' लिहिलेलं होतं, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

आभार मानताना हेडमास्तर म्हणाले, "सरांचा शब्द न् शब्द ध्यानात ठेवा. आता सरांच्याच हस्ते वृक्षारोपण!"

सरांनी झाड लावलं बिचाऱ्यांनी. "शाळेच्या आवारात चालतं," म्हणाले.

*

जागा बघायला मोठे साहेब आले. सोबत गावचे सरपंच बिरूनाना, स्वतः मेंढरंवाले. साहेब हळहळले, "इतकी बोडकी टेकडी बघवत नाही हो!"

"व्हय साहेब," नाना म्हणाले.

टकलावरची टोपी नीट करत सर म्हणाले, "साहेब, काही गोष्टी बोडक्याच शोभतात!"

*

अखेर कार्यक्रमाचा दिवस उजाडला. मांडव पडला, रोपांचा टेम्पो आला, खड्डे खणायला जेसीबी येऊन थांबला. आम्ही शेवटचं विनवून पाहिलं. नानांनी तर आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला अक्षरशः रडू येत होतं.

साहेब कुदळ घेऊन फक्कीनं आखलेल्या गोलाकडं निघाले. फोटोग्राफर सरसावला. तेवढ्यात नाना ओरडले, "थांबा साहेब! टिटवीची अंडी हायती हितं!"

गोलाच्या मधोमध ठिपक्याठिपक्यांची चार अंडी! टिटवी तर वर सकाळपासूनच बोंबलत होती.

"हिची अंडी हलवली की पाऊस फिरतो म्हणत्यात. औंदा आदीच वढ दिलीया," नाना म्हणाले. गर्दीत कुजबुज सुरू झाली. साहेबांनी कुदळ खाली ठेवली. टेम्पो, फोटोग्राफर, जेसीबी, सगळी वरात गावतळ्याच्या बांधावर गेली आणि झाडं तिकडं लागली.

टेकडीवर आम्ही तिघं आणि नाना उरलो. श्रीनिवास फोटो काढायला पुढं झाला, तर सरांनी दोन्ही हात पसरून त्याला अडवलं. "जवळ जायचं नाही! पक्षीण घरटं सोडेल!" मग ते नानांकडं वळले. "नाना, शेवटी निसर्गच धावून आला!"

"व्हय की," म्हणत नाना सरळ गोलात गेले, वाकले आणि चारही अंडी उचलून खिशात टाकली.

"नाना! अंडी!" सर किंचाळले.

खिशात टक्कन आवाज झाला.

"वढ्यातलं गोटं हायती, सर. जपून ठिवतो. साहेब पुढल्या वर्सी बी येनार हायती की!"