अणू अर्धवट सोडून गेलेला माणूस

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लाससाठी नव्या बाकांचा भाव पाडत होतो. अकोल्याहून सुनंदावहिनी बोलत होत्या. "भाऊजी, हे गेले पहाटे," एवढंच म्हणाल्या. मी "निघतो" म्हटलं, समोरच्या सुताराशी सौदा पुरा केला आणि मगच गाडीत बसलो. यावरून कोणी मला निर्दयी म्हणत असेल तर म्हणो. प्रभाकरने माझ्याशी केलेला सौदा अर्ध्यात मोडला होता. मी कोणाचा मोडत नाही.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी प्रभाकरची आठवण लिहा असा निरोप आला, तेव्हाच मी बजावलं की गोडगोड लिहिणार नाही. शोकसभेत ते भरपूर झालं. एकेक जण उठला आणि सरांसारखा रसायनशास्त्राचा शिक्षक वऱ्हाडात झाला नाही, असं सांगून बसला. खरं आहे, झाला नाही. पण हा शिक्षक भर धड्यातून उठून गेला होता, हे कोणी बोललं नाही. म्हणून मी बोलतो.

तरुणपणी आम्ही अमरावतीत एका खोलीत राहायचो. तो तेल्हाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठात एम.एस्सी. करणारा. मी चांदूर बाजारच्या माळ्याचा पोरगा, दहावीनंतर शाळा सोडून हातगाडीवर फळं विकणारा. क्लास काढायची कल्पना माझी. जागा मी शोधली, घरमालकाला मी वाकवलं, पालकांना मी पटवलं. फळ्यापुढे तो आणि बाकी सगळीकडे मी, असं ठरलं होतं. रोज मागच्या बाकावर बसून मी त्याचं शिकवणं ऐकायचो. माल कसा आहे हे कळल्याशिवाय मला विकता येत नाही.

माल फार चांगला होता, तिथंच गोम होती. अणूचा धडा आला की हा गडी थेट अणू शिकवायचाच नाही. अणूबद्दल माणसं काय काय समजत आली ते शिकवायचा. तेही कसं... इंग्लंडातल्या एका विणकराच्या मुलाने सांगितलं की अणू म्हणजे न फुटणारी भरीव गोळी. मग त्या दिवशी प्रभाकर त्या गोळीची वकिली करायचा. मुलांच्या शंका खोडून काढायचा, गोळी त्यांच्या गळी उतरवायचा. आणि दुसऱ्या दिवशी येऊन स्वतःच ती फोडायचा. त्यानंतर अणू म्हणजे टरबूज. लाल गर म्हणजे धनप्रभार आणि त्यात काळ्या बियांसारखे रुतलेले इलेक्ट्रॉन. मुलांचा टरबुजावर पक्का विश्वास बसला की त्याचाही निकाल. उद्या हे खोटं ठरणार आहे, असं तो आदल्या दिवशी कधीच सांगत नसे. "आधीच सांगतलं तं पोट्ट्याइले ते लोक मूर्ख वाटतात," म्हणायचा. "ते मूर्ख नव्हते."

एका वर्षी आमची चाचणी नेमकी टरबूज आणि त्याचा निकाल यांच्या मध्ये आली. अख्ख्या वर्गाने अणूची रचना म्हणून टरबूज लिहिलं. आकृती काढली, काहींनी तर सालही हिरवी रंगवली. पेपर बाहेरच्या शिक्षकाने तपासले होते. त्याने सरसकट शून्य दिलं. पालक पेपर घेऊन माझ्या अंगावर आले, कारण फळ्याबाहेरचं सगळं माझ्याकडे होतं. त्या संध्याकाळी वर्ग चालू असतानाच मी फळ्यापाशी गेलो.

"प्रभ्या, आजपासून पेपरात येते तेच शिकवायचं. शेवटचं. मधलं सारं बंद."

"मधलं काढलं तं शेवटचं उरते कुठं?"

"अबे, गिऱ्हाइकाले आंबा पायजे. तू त्याले कोय पेरून दाखवून राहिला!"

पोरं हसली. तोही हसला, आणि तेच मला झोंबलं.

"तुले पिकलेला मालच दिसते, वसंता."

"त्याच मालावर तुही चूल पेटते. चुकलो म्हण, आन् पुढं चाल."

"चूक दाखव, लगेच म्हणतो."

मी ते शून्यवाले पेपर टेबलावर आपटले. त्याने खडू ठेवला, हात झटकले, मुलांना "येतो रे" म्हणाला आणि गेला. परत आला नाही. अकोल्याला शाळेत लागला तो कायमचाच.

मी त्याला जा म्हटलं नव्हतं. भाव करताना मी आवाज चढवतो. समोरच्यानेही चढवायचा असतो. उठून जाणं म्हणजे भाव करणं नव्हे. ऐन वर्षात मुलं उघडी पडली. त्यांच्यासाठी शिक्षक शोधत मी गावभर हिंडलो.

तो आजारी पडल्यावर मी अकोल्याला गेलो, ते विचारपूस करायला नाही. मला त्याच्या तोंडून 'सोडून गेलो ते चुकलं' एवढं एक वाक्य हवं होतं. तसं मागितलंही.

"तू अजून तिथंच हाय काय बे?" तो हसला, हसताना खोकला. "मी तो धडा इथं दरसाल पुरा शिकवला."

"माह्या पोट्ट्याइले नाई शिकवला."

त्याने तोंड भिंतीकडे केलं... वहिनी चहा घेऊन आल्या. तोंड फिरवलं हीच कबुली समजा, असं नंतर मला कोणी सुचवलं. मी नाही समजत. कबुली तोंडाने द्यावी लागते. त्याच्या फळ्यावरच्या एवढ्या मोठमोठ्या माणसांना तो रोज चुकीचं ठरवायचा, स्वतःवर आलं तेव्हा भिंत बघत राहिला.

मागच्या आठवड्यात आमच्या क्लासमधली एक मुलगी ऑफिसात आली. अणूच्या मधोमध केंद्रक असतं हे कळलं कसं, असं तिने वर्गात विचारलं होतं. आताचे सर पाठ कर म्हणाले. मी तिला बसवलं. सोन्याचा अगदी पातळ पत्रा, त्यावर झाडलेले बारीक कण, बहुतेक आरपार गेलेले आणि थोडेच उलटे फिरलेले... सगळं सांगितलं. "आत टरबुजाचा गर असता तर ते उलटे आले असते का? कायतरी टणक होतं म्हणूनच आले ना!" तिचे डोळे चमकले. लगेच म्हणाली, "मग बाहेरून फिरणारे इलेक्ट्रॉन दमून आत काहून नाही पडत?"

भांडणाच्या त्या संध्याकाळी हाच प्रश्न फळ्यावर लिहून प्रभाकर वळला होता आणि मी मागच्या बाकावरून उभा राहिलो होतो. पुस्तकात उत्तराची एक ओळ आहे, ती मी वाचली आहे. पण प्रभाकरने केलेली तिची वकिली ऐकायची राहिली.

"पुढचं सांगा ना, सर," पोरगी म्हणाली.

"ज्याले सांगता येत होतं," मी म्हटलं, "तो उठून गेला."